विमलताई आणि ममताचा हलका हात

मोहखेडीच्या उपकेंद्रात विमलताई गावंडे सव्वीस वर्षं नर्सबाई होत्या. या सव्वीस वर्षांत आपण टोचलेली माणसं एका रांगेत उभी केली तर रांगेचं तोंड मोहखेडीत राहील आणि शेपूट बोरी अरबच्या बाजारात निघेल, असं त्या सांगत. अशी रांग कोणी उभी करून पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणाला खोडता आलं नाही.

बाळ जन्मलं की त्याच्या डाव्या दंडावर क्षयाची लस देतात. तिचा एक गोल व्रण जन्मभर राहतो. शिंप्याला आपली शिलाई ओळखू यावी तसा आपल्या हातचा व्रण आपल्याला ओळखू येतो, असा विमलताईंचा दावा होता. एसटीत पुढच्या सीटवर बसलेल्या पोरीचा दंड पाहून त्या शेजारणीला सांगत, "हा माह्या हातचा." एकदा दिग्रसला एका लग्नात हळदीच्या नवरीचा दंड पाहून त्या भर मांडवात म्हणाल्या, "ही पोरगी माही." नवरी जन्मली पुसदला, वाढली नागपूरला. तिच्या आईनं तोंड उघडलं, विमलताईंकडे पाहिलं आणि मिटलं. विमलताईंशी वाद घालणारा माणूस अजून त्या तालुक्यात जन्मला नव्हता. जन्मला असता तर त्यालाही पहिली सुई त्यांनीच दिली असती.

त्यांची पद्धत ठरलेली. समोरच्याला स्टुलावर बसवायचं आणि तीन हुकूम सोडायचे. "हलू नको. बोलू नको. तिकडं पाह्य." चौथा शब्द म्हणजे सुई. माणूस "आई गं" म्हणाला की त्या म्हणत, "झालं. एवढं काय?" गावातली पोरं त्यांची काळी छत्री लांबून ओळखत आणि तुरीच्या वावरात दिसेनाशी होत. या सगळ्याचा अर्थ विमलताईंनी एवढाच लावला होता की गावात आपला दरारा आहे. आपला हात जड आहे, हे त्यांना सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? पुढची सुई त्यांच्याच हातची होती.

मग २०२१च्या दिवाळीनंतर ममता आडे आली.

ममता सत्तावीस वर्षांची, कंत्राटी नर्स, दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातली. पांढऱ्या स्कूटीवरून आली, दुसऱ्याच दिवशी उपकेंद्राच्या खिडकीत तिनं कोरफडीची कुंडी ठेवली आणि पंधरा दिवसांत गावभर एक बातमी पसरली. ती बातमी विमलताईंपर्यंत आणायचं काम आशा कार्यकर्ती नंदाबाईनं केलं. नंदाबाईला वाईट बातमी सांगायला मनापासून आवडे. त्यासाठी ती आधी पदर नीट करत असे.

"बाई, एक सांगू? रागावनार तं नाई?"

"सांग."

"लोकं म्हन्तेत, ममताबाईची सुई कळतच नाई. हात लय हलका हाय म्हन्ते पोरीचा."

"कोन लोकं?"

"सगळेच."

"सगळे म्हनजे कोन? नावं सांग."

नंदाबाईनं नावं सांगितली. बोटांवर मोजत, एका हाताची संपल्यावर दुसऱ्या हाताची, अगदी सावकाश. त्यातली चार माणसं विमलताईंच्या सख्ख्या गल्लीतली होती.

"सुई कळली नाई म्हनजे ती गेलीच नसंन आत," विमलताई म्हणाल्या आणि व्हॅक्सिनचा निळा डबा आदळून बंद केला.

तेव्हापासून दर बुधवारी लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर दोन स्टुलं मांडली जाऊ लागली. ममताच्या स्टुलापुढे रांग लागे. विमलताईंच्या स्टुलापुढे ज्यांना घाई आहे ते, ज्यांना काही ठाऊक नाही असे पाहुणे आणि दारू उतरली नसलेला एखादा. विमलताई ममताच्या मागे जाऊन उभ्या राहत, कापूस शोधायचं निमित्त करून तिचा हात न्याहाळत. अंगठा कुठे, सुई किती तिरपी, कातडी ताणते की चिमटीत धरते. वेगळं काही दिसेना. पोरगी आपल्यासारखीच टोचत होती. उलट एक मोठा दोष त्यांच्या ध्यानात आला: ती काम करताना सारखी बडबडत असे. तुमची म्हैस व्याली का, लेकीला स्थळ आलं का, या वर्षी कापूस किती वेचला. एवढी बडबड करूनही हिचा हात हलका राहतो कसा, हे कोडं त्यांना झोपू देईना.

जानेवारीत कोरोनाच्या साथीची तिसरी लाट आली आणि तिच्या मागोमाग दवाखान्यातल्या लोकांसाठी तिसरा डोस आला. कागदावर त्याचं नाव प्रिकॉशन डोस होतं, पेपरवाले बूस्टर म्हणत, आणि मोहखेडीत सगळे त्याला नुसतं 'तिसरा' म्हणत. "तिसरा झाला का?" असं एकमेकांना विचारताना ऐकून गावात आलेल्या एका जावयाचा फार गैरसमज झाला होता, पण ते असो.

तर हा तिसरा घ्यायला सगळ्यात जास्त कुरकुर कोणी केली असेल? गावानं नाही. गावाची पाळी अजून लांब होती. कुरकुर केली ती ज्यांनी गावाला पहिले दोन दिले त्यांनी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधवाला म्हणाला, दोन घेतले की माणूस पक्का होतो, तिसरा कशाला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बाबुलाल म्हणाला, मला दोनदा कोरोना झाला, तोच माझा बूस्टर, आता काय मी सुईनं आजारी पडू? रक्त तपासणारा म्हणाला, आधी साहेबांनी घ्यावा. साहेबांनी घेतला, तर म्हणाला, साहेबांचं वय कमी आहे, त्यांना चालतं. वर्षभर पीपीई किटात घामानं भिजलेली आणि लोकांच्या शिव्या खाल्लेली ही माणसं सुईला घाबरत नव्हती, पण त्यांना आता कशाचाच तिसरा अंक पाहायचा नव्हता. नंदाबाईनं मात्र पहिल्याच दिवशी घेतला, कारण पहिल्या दिवशी चहा आणि बिस्किटं होती.

त्याच दिवशी ममतानंही घेतला. टोचायला विमलताई होत्या. त्यांनी तीन हुकूम सोडले आणि दोन महिन्यांची सगळी जळजळ त्या अर्ध्या मिलीत घातली. ममताच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "थँक्यू, ताई," ती म्हणाली आणि दोन दिवस दंड चोळत हिंडली. विमलताईंना त्या दोन दिवसांत जेवण फार गोड लागलं.

"आता तुमी बसा, ताई," ममतानं तेव्हाच सिरिंज हातात घेऊन म्हटलं होतं.

"मले सर्दी हाय," विमलताई म्हणाल्या.

ही सर्दी आठ महिने टिकली. मधूनमधून तिची जागा चतुर्थीचा उपास, पित्त, पुतणीचं लग्न आणि "माह्या अंगात ॲन्टिबॉडी भरपूर हाय" ही घेत. वैद्यकीय अधिकारी डॉक्टर संघदीप मनवर वयानं विमलताईंच्या मुलाएवढे आणि स्वभावानं लेकीएवढे मऊ. त्यांनी लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले.

"ताई, सहा-नऊ महिन्यांनी जोर कमी होतो लसीचा. तुम्हाला मी काय सांगू? तुम्हीच मला शिकवलंय. यादीत तुमचं एकटीचं नाव लाल दिसतंय आता. बाबुलालनं पण घेतला."

"घेनार आहो ना, साहेब."

"कधी?"

"घेनार आहो."

"ताई, एक विचारू? तुमचा लसीवर विश्वास नाही का?"

विमलताई उठून उभ्या राहिल्या. "माहा? साहेब, तुमी चड्डीत होते तवापासून मी डबा खांद्यावर घेऊन नाले ओलांडून राह्यली. विश्वास नसता तं पोटात असलेल्या पोरासकट ओलांडले असते काय?"

हे अगदी खरं होतं. लसीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा नवऱ्यावर, मारोतरावांवरही नव्हता. अडचण लसीची नव्हती. अडचण अशी होती की तिसऱ्या डोसाचं स्टूल ममताकडे होतं, आणि ममताकडून सुई घेतली की सगळा दवाखाना एकच प्रश्न विचारणार: "कळली का?" कळली म्हणावं तर, देव न करो, खरंच कळली नाही तर ते खोटं बोलणं होईल, आणि विमलताई खोटं बोलत नसत, सर्दी ही त्यांच्या मते खोट्यात मोडत नव्हती. कळली नाही म्हणावं तर सव्वीस वर्षं पाण्यात. शिवाय मनाच्या तळाशी एक बारीकशी भीती होती. जानेवारीचा हिशोब ती पोरगी चुकता करील. आपण तिच्या जागी असतो तर केला असता.

एकदा त्यांनी दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन गुपचूप टोचून घ्यायचा बेत केला. तोंडाला ओढणी बांधून एसटीनं गेल्या. तिथं कळलं की लसीच्या एका छोट्या बाटलीत दहा डोस असतात, बाटली फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय बाटली फोडत नाहीत. आणि आज सहाच आहेत. हे त्यांना तिथल्या कालपरवाच्या पोरीनं समजावून सांगितलं. हाच नियम विमलताई वर्षभर सगळ्या मोहखेडीला ऐकवत आल्या होत्या. सहाव्या क्रमांकावर पाऊण तास बसून त्या परत आल्या. फाट्यावर नंदाबाई भेटलीच. "दारव्ह्याले गेलत्या काय, बाई? तोंड बांधून?" नंदाबाईनं पदर नीट केला.

पण खरा घाव घरातच बसला. मारोतराव एकसष्ट वर्षांचे, साखर असलेले, म्हणून त्यांचीही पाळी लवकर आली. विमलताई तालुक्याला मीटिंगला गेल्या असताना ते उपकेंद्रावर गेले आणि संध्याकाळी कपाशीत पाणी सोडून आलेल्या माणसाच्या समाधानानं घरात शिरले.

"अवो, मी घेतला तिसरा."

"कोनाच्या हातानं?"

"ममताच्या. काय पोरगी आहे! मी म्हटलं, टोच बाई, तं म्हन्ते, काका, टोचून झालं. कळलंच नाई!"

विमलताईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. मारोतरावांना त्या स्वतः रोज सकाळी इन्सुलिनची सुई देत. सात वर्षं.

"आनि माही कळते?"

मारोतराव प्रामाणिक होते. संसारात हा एकच दोष त्यांच्यात होता. ते म्हणाले, "कळते, पन आता सवय झाली ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्सुलिन देऊन विमलताईंनी विचारलं, "कळली?"

"नाई!" मारोतराव डोळ्यात पाणी आणून ओरडले. "बिलकुल नाई! आजपासून नाई!"

त्या आठवड्यात एका दुपारी मारोतरावांनी भरतासाठी वांगं कापलं तर आतून पाण्याची धार लागली. टोपलीतली पाचही वांगी तशीच. दंडाएवढी जाड, आणि प्रत्येकाला डाव्या बाजूला बारीक बारीक भोकं.

"अवो, हे वांगे ओले काहून आहेत? यायलेबी तिसरा देल्ला काय?"

विमलताई रजिस्टर लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "भाजी चिरा मुकाट्यानं," त्या म्हणाल्या. वांग्यांवर त्यांचा हात अगदी हलका पडला होता. एकाही वांग्यानं तक्रार केली नव्हती.

जुलैत सरकारनं सगळ्या मोठ्या माणसांसाठी तिसरा मोफत केला, आणि ऑगस्टात डोंगरसिंग तांड्याची पाळी आली. मोहखेडीपासून चार किलोमीटरवर असलेला हा तांडा म्हणजे विमलताईंचं खरं राज्य. आधीच्या वर्षी, पहिल्या डोसाच्या वेळी, लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो अशी अफवा होती आणि गाडी दिसली की अख्खा तांडा शेतात पळे. तेव्हा विमलताई एकट्या गेल्या होत्या. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी बाही वर केली, दंडावरची सुईची जागा दाखवली आणि म्हटलं, "पाहा. मी घेतल्याशिवाय तुमाले देनार नाई, हा माहा कायदा. मेली तं पयले मी मरीन." तांड्याचा नायक गुलाबसिंग उठून पुढे आला होता आणि त्याच्या मागे तांडा. हा प्रसंग त्यांनी डॉक्टरांना सहा वेळा, जिल्ह्याच्या साहेबांना दोन वेळा आणि मारोतरावांना रोज सांगितला होता. गाव गेलं तर जाऊ दे, तांडा तरी आपला राहिला पाहिजे, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती. दोन वर्षांनी निवृत्त होताना निरोपाचा हार तांड्याकडून यावा, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं.

आणि त्या राज्यात त्या निघाल्या ते ममताच्या स्कूटीवर, मागच्या सीटवर, मांडीवर निळा डबा घेऊन.

तांड्यात तिजेच्या सणाचे दिवस होते. पोरींनी टोपल्यांत पेरलेले गहू हिरवेगार उगवले होते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या होत्या, आणि सगळे घरी होते. शाळेच्या ओट्यावर स्टूल मांडलं. ममता उतरल्या उतरल्या म्हाताऱ्या लालीबाईच्या गळ्यात पडली. "आव याडी, बेस!" असं म्हणून तिनं तिला आईसारखं हाताला धरून बसवलं आणि दोघी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत असं काही बोलून हसल्या की विमलताईंना शंका आली, आपल्यावरच हसल्या. सव्वीस वर्षांत विमलताई गोरबोलीतले चार शब्द शिकल्या होत्या आणि चारही हुकूम होते.

"ममताबाईच्या हातानं टोचा मले," लालीबाई म्हणाली. "हलका हात हाय म्हन्ते."

इथंही. चार किलोमीटर चिखलातून बातमी इथंही येऊन बसली होती. विमलताईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

माणसं मोजली. नऊ. बाकीचे भिंतीला टेकून उभे, हाताची घडी, चेहरा पाहुण्यासारखा. ममतानं हाका मारल्या, विनवण्या केल्या, पण दहावा हलेना.

"एक या कोनीतरी," ममता म्हणाली. "दहा झाल्याशिवाय बाटली फोडता येत नाई."

गुलाबसिंग नायक खांबाला टेकून बिडी ओढत होता. त्यानं बिडी विझवली, खिशात ठेवली आणि विमलताईंकडे पाहिलं.

"दहाव्या तुमी बसा ना, बाई."

"मी देनारी हाव, नायक. घेनारी नाई."

"तुमचा झाला काय तिसरा?"

विमलताईंनी तोंड उघडलं. सर्दी ओठांवर आली होती. पण समोर चाळीस माणसं होती, ज्यांच्या निम्म्या लेकरांच्या दंडावर त्यांची सही होती, आणि सर्दी तिथं बाहेर पडेना.

"नाई झाला," त्या म्हणाल्या.

"जानेवारीपासून दवाखानेवाल्यायले हाय म्हन्ते. हा ऑगस्ट. काहून नाई घेतला?"

"राहून गेला."

"बाई," गुलाबसिंग हळू बोलला, त्यामुळे ते जास्तच ऐकू गेलं. "मागच्या साली याच ओट्यावर तुमी बाही वर करून सांगतलं, मी घेतल्याशिवाय तुमाले देनार नाई. तुमचा दंड पाहून आमी दंड पुढं केले. आता तुमीच घेऊन नाई राह्यल्या. मंग यात काय हाय ते आमाले सांगा, नाईतं डबा घेऊन जा."

लालीबाईनं काठी घेतली आणि उठली. तिच्या मागे आणखी दोघी. नवाचे सहा झाले.

विमलताईंना पहिल्यांदा भीती वाटली, सुईची नव्हे. या ओट्यावर त्यांचा शब्द चालत होता, आणि तो त्यांच्या डोळ्यादेखत काठी टेकत घरी निघाला होता. काय सांगणार होत्या त्या? की यात काही नाही, फक्त ही पोरगी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आवडते म्हणून मी आठ महिने लाल नाव घेऊन फिरते आहे? त्यांनी ममताकडे पाहिलं. ममता सिरिंजचं पाकीट हातात घेऊन खाली मान घालून उभी होती. तिनं एक शब्द काढला नव्हता. काढला असता तर विमलताईंना बरं वाटलं असतं, रागवायला तरी काही मिळालं असतं.

आणि त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, त्यांच्या मनात दुसराही एक विचार चमकला. नऊ महिने आपण हिच्या मागे उभं राहून पाहिलं. मागून दिसणार काय? हिचा हात कसा चालतो ते कळायची जागा एकच आहे, आणि ती स्टुलावर आहे.

"लालीबाई, बेस!" विमलताई ओरडल्या. तो त्यांच्या चार शब्दांपैकी एक होता. लालीबाई होती तिथंच मटकन बसली, आणि तिच्या मागच्या दोघीही. "नायक, मोजा. दहावी मी."

त्या स्टुलावर बसल्या आणि बाही वर केली. डोळे ममताच्या अंगठ्यावर लावले. आता सुटू द्यायचं नाही. बाटली फुटली, सुई भरली, ममतानं कापसानं दंड पुसला. विमलताई श्वास धरून बसल्या. कळणार. कळल्याशिवाय राहायची नाही.

"ताई," ममता म्हणाली, "तुमी व्रण पाहून सांगता म्हने, आपला कोनता नि दुसऱ्याचा कोनता. मले तं खरं नाई वाटत."

"काहून नाई वाटत?"

"ते तिकडं टोपली घेऊन उभी हाय ना, हिरव्या ओढनीवाली? तिचा काही तुमचा नाई. दुसऱ्या कोनाचा असंन."

विमलताईंची मान गर्रकन फिरली. टोपलीवाल्या पोरीनं बिचकून दंड पुढे केला.

"दुसऱ्या कोनाचा? अवं, डोळे फुटले काय तुहे? तो माहा! अठरा वर्षं झाली. हिची माय बाळंत झाली तवा नाल्याले पूर होता, मी बैलगाडीत उभी राहून डबा डोक्यावर धरून आली. हे पोट्टं एवढंसं, मुठीएवढं, दंडाले हाडच तेवढं. म्हातारी म्हने, टोचू नका, मरून जाईन. मी म्हटलं, टोचल्याशिवाय मरंन. विचार तिच्या आजीले! कडा पाह्य त्या व्रनाच्या, कसा गोल हाय, दुसऱ्या कोनाचा असा गोल येते काय? यवतमाळात आनून दाखव मले असा गोल!" त्या थांबल्या, दम घेतला आणि दंड पुढे केला. "हां. टोच आता. मी तयार हाव."

"टोचून झालं, ताई," ममता म्हणाली. "अर्धा तास बसा."

विमलताईंनी दंडाकडे पाहिलं. तिथं कापसाचा बोळा होता आणि तो त्यांच्याच दुसऱ्या हातानं दाबून धरला होता. कधी दिला, कधी धरला, त्यांना पत्ता नव्हता. आणि आजूबाजूला सगळा तांडा हसत होता, गुलाबसिंगसुद्धा, मिशीतल्या मिशीत.

हात नव्हताच. सगळी जीभ होती. नऊ महिने त्या अंगठा पाहत राहिल्या, पाच वांगी भोसकली, आणि ही पोट्टी माणसाला त्याच्या आवडत्या गोष्टीचा काटा लावून, तो तिकडे भांडायला गेला की मागून काम उरकून मोकळी होत होती. आणि आपण सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो, बोलू नको. हे कळल्यावर जळजळ गेली असेल असं कोणाला वाटेल. ती गेली नाही. उलट वाढली, कारण हे आपल्याला सुचायला हवं होतं.

विमलताईंनी घेतला म्हणताच भिंतीला टेकलेले सुटले. पहिली बाटली संपली, दुसरी फुटली, मग तिसरी. अर्धा तास बसून झाल्यावर विमलताईंनी दुसरं स्टूल ओढलं आणि सिरिंज घेतली. समोर गुलाबसिंग येऊन बसला.

विमलताईंनी घसा साफ केला. चेहऱ्यावर जमेल तेवढं हसू आणलं. "काय मंग, नायक," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमची ते कबरी गाय आता दूध किती देऊन राह्यली?"

गुलाबसिंगानं दंड मागे घेतला आणि तो उभा राहिला.

"काय झालं?"

"बाई, तुमी गोड बोलून राह्यल्या. मले भेव वाटून राह्यलं. काही लफडं तं नाई ना या बाटलीत?"

"बसा!" विमलताई गरजल्या. "हलू नका. बोलू नका. तिकडं पाहा."

गुलाबसिंग बसला, खांदे सैल सोडून, मोठ्या समाधानानं. "आई गं!" तो म्हणाला, आणि दंड चोळत मागच्यांकडे वळला. "हां. हा लागला. मले तं बाई अशीच पायजे, बाप्पा. घेतल्यासारखं तं वाटते."

त्याच्या मागे पाच-सहा म्हातारे विमलताईंच्या स्टुलाकडे सरकले. लालीबाई ममताच्याच रांगेत राहिली, ते विमलताईंनी बरोबर पाहून ठेवलं.

परतताना स्कूटीवरून फाट्यावर उतरल्यावर विमलताई एवढंच म्हणाल्या, "कोनाले कोनता काटा लावायचा, हे तुले पयले कसं समजते?"

"मी आदल्या दिवशी नंदाबाईले विचारून ठेवतो, ताई," ममता म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी विमलताईंचा दंड ठणकू लागला. आधी थोडा, मग चांगलाच. हात डोक्यापर्यंत जाईना. अंगात कसकस आली. आणि चुलीपाशी बसल्या बसल्या त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा खरंखुरं समाधान पसरलं.

"दुखून राह्यला," त्या मारोतरावांना म्हणाल्या. "लय दुखून राह्यला! पाहा, सुजला. म्हने हलका हात!"

"नंदाबाईले फोन लावू काय?" मारोतरावांनी विचारलं. सात वर्षं रोज सुई घेऊन त्यांना बायको बरीच समजली होती.

विमलताईंनी फोन हातात घेतलाच होता, तेवढ्यात तो वाजला. ममता होती. टोचलेल्यांची संध्याकाळी चौकशी करायची तिची रीत होती.

"ताई, ताप तं नाई ना? दंड दुखून राह्यला असंन."

विमलताईंनी सुजलेल्या दंडाकडे पाहिलं. सगळी वाक्यं जुळून तयार होती, एकाहून एक. त्यांच्यापुढे तो ओटा आला, काठी घेऊन उठलेली लालीबाई, खाली मान घालून एक शब्द न बोललेली ही पोरगी, आणि जानेवारीतलं ते टचकन आलेलं पाणी आणि त्यावरचं थँक्यू.

"दुखत नाई," त्या तुटक आवाजात म्हणाल्या. "कळलंच नाई."

फोन ठेवला. चुलीपलीकडे मारोतराव तोंडावर उपरणं धरून खांदे हलवत होते.

"हसू नका," विमलताई म्हणाल्या. "पॅरासिटामॉलची गोळी द्या. आनि उद्या बाजारातून वांगे आनजा. लहान पाहून आनजा, लेकरायच्या दंडाएवढे."